उजनीतल्या होडीची वहीही विकली जावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या जलाशयात उलटली आणि सहा जण बुडाले. तेव्हापासून लाइफ जॅकेट, वाऱ्याचे इशारे, प्रवाशांची संख्या यांवर बोललं जातं, आणि ते बोललं जायलाच हवं. त्या होडीच्या अवस्थेबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझा मुद्दा सगळ्याच लाकडी मोटारहोड्यांचा आहे. होडी किती वर्षांची, किती हातांतून गेली, कोणत्या मालकानं तिच्यात काय तोडलं, काय जोडलं, हे सहसा कुठेच लिहिलेलं नसतं.

सोलापूरच्या माणसाचा होडीशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. मी डिझेल मेकॅनिक होतो. जलाशयातल्या होड्यांवरची इंजिनं माझ्या हाताखालून गेली, त्यातली बरीचशी मुळात विहिरीवरच्या पंपाची. एक होडी तर मी चार मालकांकडे पाहिली.

पहिला काठचा शेतकरी. गाव धरणात गेलं, उरलेलं रान पलीकडे राहिलं, म्हणून त्यानं होडी बांधून घेतली. फळ्या सागाच्या, आतल्या वाकड्या फासळ्या बांधावरच्या बाभळीच्या. तिच्यातून वैरण, खताची पोती, दुधाचे कॅन जात. इंजिन लहान. दर उन्हाळ्यात तो फटीतली जुनी सुतळी उपसून नवी ठासायचा आणि वरून डांबर द्यायचा. दुसरा मासळीचा व्यापारी. बर्फ आणि चिलापीचे क्रेट वाहायचे म्हणून त्यानं दुप्पट ताकदीचं इंजिन आणलं, आणि ते मावेना म्हणून मधल्या दोन फासळ्या कापल्या. तिसऱ्यानं तिच्यातून काय वाहिलं ते लिहीत नाही, काठच्या लोकांना सांगायला नको. त्यानं गळकी जागा शोधण्याऐवजी आतून तळाला पत्रा ठोकला. चौथ्यानं झकास रंग दिला, बाकडी टाकली, वर छत उभारलं आणि रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवू लागला. इंजिनाचे बोल्ट सारखे ढिले होतात म्हणून त्यानं मला बोलावलं. पत्रा उचकटला तर बोल्ट धरायला खाली धड लाकूडच नव्हतं. टोच्या लोण्यात जावा तसा फळीत गेला. बिचाऱ्याला ना कापलेल्या फासळ्या माहीत, ना कुजलेली फळी. विकताना त्याला एवढंच सांगितलं होतं की इंजिन नवं आहे.

समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात नसतो, म्हणून इथे लाकूड टिकतं असा एक समज आहे. पण उजनीचं पाणी एका पातळीला राहतं कुठे? धरण ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे मृतसाठ्यातलंही पाणी बरंच खाली उतरलं. अशा वर्षी होड्या तडकलेल्या गाळावर महिनोन्‌महिने उन्हात पडून राहतात. लाकूड आकसतं, सांधे उघडतात, खिळे खिळखिळे होतात. जाणता मालक पाणी चढल्यावर होडी आधी उथळ पाण्यात बुडवून ठेवतो, फळ्या फुगून फटी मिटल्या की पाणी उपसतो आणि मगच माणसं बसवतो. नव्या मालकाला हे कोण सांगणार? शिवाय वर छत चढलं की होडी डोकेजड होते आणि वारा त्या छतालाच धरतो.

मालक बदलण्यात वावगं काही नाही. इंग्लंडची ‘सनडाउनर’ १९१२ साली आरमाराची वाफेवर चालणारी लाकडी नाव होती. टायटॅनिकवरून बचावलेले अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांनी ती १९२९ मध्ये विकत घेतली, तिची लांबी वाढवली आणि वाफेच्या जागी मोटार बसवली. दुसऱ्या महायुद्धात, १ जून १९४० रोजी, त्यांनी तिच्यातून फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून तिथे अडकलेले सुमारे १३० सैनिक आणले. ५८ फुटी नावेत एवढी माणसं! तिला कोणी कधी घेतलं आणि तिच्यात काय बदललं, हे आज शंभराहून अधिक वर्षांनीही सांगता येतं.

कायदा आपल्याकडेही आहे. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात इंजिनाच्या नौकांना तपासणी आणि नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणीतून मालक कळेल, कापलेली फासळी कळणार नाही. म्हणून प्रत्येक होडीची एक वही असावी आणि होडीबरोबर तीही नव्या मालकाच्या हाती जावी. बांधणीचं वर्ष, लाकूड, सुताराचं नाव, बदललेल्या फळ्या, इंजिनाची ताकद आणि वजन, वर चढवलेलं छत, एवढं तिच्यात पुरे. फायबरच्या होड्या आल्या की प्रश्न मिटेल असं म्हणणाऱ्यांनी जुनी फायबर होडी उलटी करून बघावी. तिलाही तडे जातात आणि तेही रंगाखालीच लपतात.

तपासणीला मे महिन्याइतका चांगला काळ नाही. होड्या कोरड्यावर असतात, तळाखाली वाकून बघता येतं. जिल्हा प्रशासनानं तेव्हा काठच्या गावांत शिबिरं घ्यावीत, सोबत एक जुना सुतार असावा. वहीचा दोन पानी नमुना मी तयार केला आहे. एखाद्या ग्रामपंचायतीला हवा असेल, तर आपल्या कार्यालयात आणून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त डिझेल मेकॅनिक,
जुळे सोलापूर