हिरडीतलं रक्त म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

महोदय,

आमच्या निपाणी भागात तंबाखू पिकतो, आणि पहाटे उंबऱ्यावर बसून बोटाने मिसरी लावणाऱ्या बायका अजूनही दिसतात. माझी आई त्यांतलीच. पेरूचा घास घेतला की फोडीवर रक्ताची रेघ उमटायची. “उष्णता झालीय,” म्हणत आम्ही ते सोडून दिलं. पुढे दात हलू लागले.

दातांवर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो काढला नाही तर दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजतात. १९६५ साली डेन्मार्कमध्ये धडधाकट माणसांचं दात घासणं थांबवून हे दाखवून दिलं गेलं. घासणं पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. पण दुर्लक्ष झालं तर शरीराच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात, जंतू थरात दडून राहतात आणि ही लढाई मिटतच नाही. पेशी जी द्रव्यं सोडतात, त्यांनीच हिरडीचे तंतू आणि दाताखालचं हाड झिजतं. म्हणजे दात जातो तो बराचसा आपल्याच शरीराच्या माऱ्याने! तेही फारसं न दुखता. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. तंबाखू आणि मधुमेह यांनी हे सारं आणखी बिघडतं.

रक्त येतं म्हणून ब्रश बंद करू नका, हे आईला कुणी वेळेवर सांगायला हवं होतं. आशाताई घरोघरी येतातच. त्यांनी हिरड्यांचीही चौकशी करावी आणि आरोग्य केंद्रांत याची पत्रकं कन्नडबरोबर मराठीतही मिळावीत, ही विनंती.

– एक वाचक, निपाणी