ओकायामाच्या आजींना, मनापासून थँक यू

आजी, नमस्कार,

जपानीत लिहायला बसले की नम्र क्रियापदं जुळवण्यातच सगळा वेळ जातो आणि सांगायचंय ते राहून जातं, म्हणून सरळ मराठीत लिहितेय. माझ्या खोलीत आता राहायला आलेली नाशिकची मुलगी तुम्हाला हे वाचून दाखवेल, तिच्याशी बोलणं झालंय माझं. आणि इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण जपानला निघालेल्या आपल्या पोरापोरींनाही हे कळायला हवं.

मी मास्टर्सला जपानमध्ये ओकायामाला आले तेव्हा सगळेच खूप चांगले वागायचे. ऑफिसात, दुकानात, ट्राममध्ये, जिथे जाईन तिथे हसून, वाकून, अगदी व्यवस्थित. पण मी कायम पाहुणीच. पाहुण्याला कुणी काम सांगत नाही आणि त्याचं काही चुकलं तरी बोलत नाही, आणि असं महिनोन् महिने राहिलं ना की माणूस आतून फार एकटा पडतो. मला कामाला लावणाऱ्या पहिल्या तुम्ही.

तो काइरानबान अजून डोळ्यासमोर आहे. क्लिपबोर्डला लावलेल्या मोहल्ल्याच्या नोटिसा, भूकंपाच्या ड्रिलची तारीख, नाला साफ करायचा रविवार, वर घरांच्या नावांची यादी. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचा. भाड्याने राहणाऱ्या स्टुडंट्सना सहसा यात धरतच नाहीत. तुम्ही यादीच्या तळाशी पेनाने माझं नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहिलंत आणि म्हणालात, तुझ्या अक्षरात सही कर. सगळे लाल गोल शिक्के आणि खाली माझी देवनागरी सही. त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर तो कागद दाखवला होता मी.

मग कचऱ्याची पाळी. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, त्या सकाळी कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून जाळी अंथरायची, गाडी गेली की जाळी घडी करून जागा झाडून काढायची. बाटल्यांची झाकणं आणि लेबलं वेगळी काढायची, हे तर मला घरमालकाने दिलेल्या पत्रकातही होतं, पण झाडू हातात देऊन शेजारी उभं राहणाऱ्या तुम्हीच. तेवढ्यात येणारे जाणारे थांबायचे, चौकशी करायचे, कुणी काकड्या द्यायचं. झाडू हातात असला की लोक तुमच्याशी बोलतात, हे मला पुण्यात कधी कळलं नव्हतं.

मी एकदा विचारलं होतं, एवढं सगळं कशासाठी. तुम्ही माबीचं सांगितलंत. जुलै २०१८ च्या पावसात शेजारच्या कुराशिकी शहराचा तो भाग पाण्याखाली गेला, पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक म्हातारी. कोणत्या घरात कोण एकटं राहतं, कुणाला जिना उतरता येत नाही हे शेजाऱ्याला माहीत असायला हवं, म्हणून काइरानबान हातोहात द्यायचा, नुसता पेटीत टाकायचा नाही. मला वाटतं जपानी शिस्त शिस्त म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यात ही काळजी किती आहे ते आपल्याला दिसतच नाही.

आणि बाराझुशी, तो ओकायामाचा सजवलेला आंबट भात! मी मासे खात नाही म्हटल्यावर लोक बिचारे घाबरूनच जायचे, कारण साध्या मिसो सूपमध्येही बहुतेक वेळा सुक्या माशाचं पाणी असतं. तुम्ही घाबरला नाहीत. कोंबू (समुद्री शेवाळ) आणि सुके शिइताके मशरूम रात्रभर भिजत घातलेत, त्याच पाण्यात कमळकाकडी आणि गाजर शिजवलंत, व्हिनेगरच्या भातावर अंड्याचे केसासारखे बारीक काप पसरलेत. वाढता वाढता गोष्टही सांगितलीत, की पूर्वी ओकायामावर राज्य करणाऱ्या इकेदा सरदाराने एक सूप आणि एकच पदार्थ खायचा असा हुकूम काढला तेव्हा लोक चांगलंचुंगलं भाताखाली लपवायचे. ती चव मी इथे आणायचा खूप प्रयत्न करते पण कमळकाकडी तशी मिळत नाही.

१७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेत आपण किती वेळा गेलो. तिच्याच धर्तीवर केलेलं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान सिंहगड रोडवर आहे, आमच्या घरापासून लांब नाही, तुम्हाला तिथे न्यायचंय हे पक्कं.

आजी, मला यादीत घेतलंत त्याबद्दल थँक यू. ही नाशिकची मुलगी लाजाळू आहे, स्वतःहून काही विचारणार नाही, तर तिचंही नाव लवकर लिहा आणि कचऱ्याच्या पाळीला लावा. एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन येतेय. आई म्हणते पुरणपोळी तुमच्या किचनमध्येच करणार, चणाडाळ आणि गूळ आम्ही घेऊन येतो, तुम्ही फक्त मोठा तवा काढून ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची