मेल पाठवणाऱ्या आणि वाचणाऱ्या सर्व सभासदांसाठी सूचना

सभासदहो, नमस्कार. सभेची सूचना कागदावर लिहून तिचा फोटो मेलला जोडू नका, ही कळकळीची विनंती. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या सभासदांना त्यातून बहुतेक वेळा फक्त 'ग्राफिक' एवढंच ऐकू येतं. तारीख, वेळ, जागा काहीच नाही. मजकूर मेलमध्येच टाइप करा. विषयाची ओळही रिकामी सोडू नका, लांबलचक यादीतून मेल शोधताना तिचाच आधार असतो.

एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर जीमेल वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन कीबोर्ड शॉर्टकट चालू करून घ्यावेत. तरीही 'सी' दाबल्यावर नवा मेल उघडत नसेल, तर एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये (पान वाचत फिरण्याच्या स्थितीत) आहे असं समजा. तिथे 'सी'ने पुढचा कॉम्बो बॉक्स (पर्यायांची यादी उघडणारा चौकोन) शोधला जातो. इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून फोकस मोडमध्ये (इथे दाबलेली अक्षरं थेट जीमेलला मिळतात) या, मग 'सी' दाबा.

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये हा घोळ कमी: कंट्रोल-एनने नवा मेल, कंट्रोल-आरने उत्तर, एफ-६ने फोल्डर, यादी आणि मजकूर यांत फिरता येतं. माझ्या मते नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

कुठे अडलात तर ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाका, नक्की मदत करू.

– सचिव