जेडो बोगद्याची पुढची हकीकत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोळसा खाणींतले पाणी काढण्यासाठी खणलेल्या जेडो बोगद्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. बांधकामाचे कौतुक झाले ते रास्तच. पण बोगदा पुरा झाला तिथेच लेख थांबला, आणि माझ्या मते खरी हकीकत तिथून सुरू होते.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हेझल्टन भागातला अँथ्रासाइट (सर्वांत कठीण जातीचा) कोळसा उंच पठारावर, बशीसारख्या खोलगट थरांत आहे. खाण खोल गेली की पाणी तळाशी जमते. वाफेचे पंप लावावेत तर त्यांच्या बॉयलरलाही कोळसाच लागतो. 1880च्या दशकात एबरव्हेल आणि हार्ले इथल्या खाणी पाण्याखाली गेल्या, तेव्हा पंपांवर भिस्त ठेवून चालणार नाही हे उघड झाले. शेजारची बटलर व्हॅली मात्र या खाणींच्या तळापेक्षाही खाली. खाणमालक जॉन मार्कल यांनी हा उतार हेरला आणि 1891 मध्ये डोंगराच्या पोटातून बोगदा काढायला घेतला. मुख्य बोगदा सुमारे पाच किलोमीटरचा. पुढे आसपासच्या खाणी जोडत गेल्यावर शाखांसह लांबी चौदा किलोमीटरच्या आसपास गेली. ना इंजिन, ना इंधन. पाणी आपल्या वजनाने वाहून जाते. आयुष्यभर खाणीत मोजमापे करत आलेल्या माणसाला असा उतार पाहून हेवा वाटतोच.

आता पाणी कुठे गेले ते पाहू. ते पडते लिटल नेस्कोपेक ओढ्यात, तिथून नेस्कोपेक आणि मग सस्केहाना नदीत. कोळशाच्या थरांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असते. खाणकामाने ते उघडे पडले की हवा आणि पाण्याशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते, आणि ते आम्ल खडकातले लोह, ॲल्युमिनियम विरघळवत जाते. बोगद्याच्या तोंडातून मिनिटाला सरासरी सव्वा ते दीड लाख लिटर असे पाणी बाहेर पडते. अशा ओढ्यात मासा कुठून टिकणार?

त्या काळी कोणी तक्रार केली नाही का? केली होती, आणि बोगद्याच्या आधीच. स्क्रँटन शहरात सँडरसन नावाच्या बाईंनी ओढ्याचे निर्मळ पाणी पाहून जागा घेतली, घर बांधले, मासे पाळायला तळे केले. वरच्या अंगाला कोळसा कंपनीने खाण काढली आणि ओढा नासला. खटला वर्षानुवर्षे चालला. अखेर 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. खाणीचे पाणी जमिनीच्या नैसर्गिक उताराने वाहते आणि एवढ्या मोठ्या उद्योगापुढे एकट्यादुकट्याची गैरसोय गौण आहे, असा त्याचा आशय. या निकालानंतर पाचच वर्षांत जेडोचे काम सुरू झाले. तेव्हा ओढ्याची पर्वा मालकांनी कशाला करावी?

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या भूमिगत खाणी बंद पडत गेल्या, कंपन्या गेल्या, बोगदा वाहतोच आहे. पंप असता तर कोणी तरी बटण बंद केले असते. इथे बंद करायला काही नाही, आणि तोंड बुजवले तर आत चढलेले पाणी दुसरीकडून फुटणार. 1977च्या अमेरिकी कायद्याने उत्पादित कोळशावर टनामागे आकार बसवून सोडून दिलेल्या खाणींसाठी निधी उभा केला, पण एवढा प्रवाह शुद्ध करायचा खर्च प्रचंड. इंग्लंडमध्ये विगनजवळ ‘ग्रेट हेग सफ’ नावाचा असाच बोगदा आहे, 1653 ते 1670 या काळात खणलेला. त्याचेही लोहयुक्त तांबूस पाणी ओढ्यात उतरत होते. ते साफ करायची योजना शेवटी सरकारी कोळसा प्राधिकरणाला करावी लागली, म्हणजे तीन शतकांनंतर आणि करदात्यांच्या पैशाने.

आपल्या वर्धा खोऱ्यात असा उतार नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळा भार पंपांवर. खाण चालू आहे तोवर उपसा चालतो. बंद झाली की पंप निघतात आणि पाणी जुन्या गॅलऱ्यांतून, म्हणजे खाणीतल्या भुयारी वाटांतून, हळूहळू वर चढते. 2009च्या मार्गदर्शक सूचनांपासून खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्या कामासाठीच राखलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात, ही जमेची बाजू. पण खाते कधी तरी मिटेल. त्यानंतर पाण्याची तपासणी कोण करणार, आणि विहिरींना बाधा झाली तर गावकऱ्यांनी कोणाकडे जायचे? चंद्रपूर-यवतमाळ भागातल्या ज्या भूमिगत खाणी बंद झाल्या आहेत, त्यांच्या आराखड्यात याविषयी काय लिहिले आहे, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा मिळवून छापावे, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त खाण सर्वेक्षक, चंद्रपूर