अर्धं बिल तुझं

प्रिय बंड्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. आठ महिने झाले, तुझे दोन मेसेज तसेच पडलेत, 'निवांत लिहितो' म्हणत राहिलो आणि निवांतपणा काही आला नाही. आजही आलेला नाही, पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं? बायकोला सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि दादाला सांगितलं असतं तर त्यानं सरळ आईला सांगितलं असतं.

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो. आईचं ऐकू येणं कमी झालंय, पण तिला हवं ते बरोबर ऐकू येतं.

तर छप्पर. मधल्या खोलीत बादली ठेवायला लागायची हे तुला माहितीये. मागच्या पावसात एकाच्या दोन झाल्या, मग चार, आणि एका रात्री कपाटाच्या मागची भिंत खालपासून वरपर्यंत ओली. मग म्हटलं आता डागडुजी पुरे, सगळंच छप्पर बदलून टाकू. तीन जणांकडून कोटेशन मागवली. आकडा लिहीत नाही, लिहिला तर तू लगेच फोन करून 'वेडा झालास का' म्हणशील, आणि ते मी आरशासमोर रोज म्हणतोच आहे.

पहिल्यानं अर्ध्या कागदावर एकच रक्कम लिहून दिली, खाली सही. दुसऱ्यानं चौरस फुटाप्रमाणे एकेक काम वेगळं लिहिलं. तिसरा सगळ्यात स्वस्त, मी खूश, आणि मग वहिनीनं विचारलं की ह्यात परांची कुठंय? परांची नव्हती. जुनी कौलं उतरवून राडारोडा हलवायचा, तेही नव्हतं. आढ्यावर बसतात ती कोन्याची कौलं नव्हती, पन्हळीचा पत्रा नव्हता. म्हणजे त्यानं फक्त कौलं विकायची ठेवली होती. बंड्या, मला वाटायचं छप्पर म्हणजे कौलं. कौलांचे पैसे एकूण आकड्याच्या निम्मेसुद्धा होत नाहीत रे! बाकी सगळं वर चढणं, उतरणं आणि जे दिसत नाही ते.

दुसऱ्याशी मी भांडलोसुद्धा. घर २४ बाय ३६, म्हणजे ८६४ चौरस फूट, आणि ह्या माणसानं लिहिलेत १३००. मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. तो काही न बोलता गेला. रात्री पुतणी म्हणाली काका, वळचण धरली का? चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर, म्हणजे २८ बाय ४०, झाले ११२०. आणि छप्पर काय आडवं पडलंय का, ३० अंशांचा उतार आहे, भागा त्याच्या कोसाइननं, ०.८६६ नं. आले १२९३. तुला आठवतं, 'हे कोसाइन आयुष्यात कुठं लागणार' म्हणून वर्गात विचारून अंगठे धरून उभा राहिला होतास? लागलं. सकाळी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, सगळेच भांडतात, साहेब. काम त्यालाच दिलं.

माणूस कमी बोलतो पण बघतो नीट. म्हणाला सगळी कौलं टाकून द्यायची घाई करू नका, कौलाला काही होत नाही, ते पन्नास वर्षं सहज काढतं. खालचा डांबरी कागद वीस-तीस वर्षांत जातो, आणि गळतं बहुतेक तिथून. त्यानं एक कोपरा उघडून दाखवला, तो कागद हातात घेतला तर पापुद्रे सुटून भुगा झाला. मग एकेक कौल उचलून बोटाच्या पेरानं वाजवून बघायला लागला. चांगलं असलं की खणकन वाजतं, चरा गेला असला की भद्द. मी पण वाजवत बसलो, दुपारभर, छंदच लागला. वर १८०० च्या आसपास आहेत, एकेक पावणेतीन किलोचं म्हण, म्हणजे पाच टन ओझं इतकी वर्षं आपल्या डोक्यावर, आणि आपण खाली कॅरम खेळत होतो!

आता ठरलंय ते असं. सगळी उतरवायची, उतरवताना दहातलं एखादं फुटणारच. जी खणखणीत निघतील ती पुढच्या पाख्यावर, मागचं पाखं पूर्ण नव्या कौलांचं. एकाच पाख्यावर जुनं-नवं मिसळायचं नाही, कारण साचा वेगळा असला की खाच खाचेत बसत नाही, वरून सगळं सारखं दिसतं पण फट राहते. दादाचं अजून 'पत्रा टाका, चार दिवसांत मोकळे' चालूच आहे. पत्रा हलका, स्वस्त, सगळं मान्य, पण पावसात घरात बोललेलं ऐकू येणार नाही. तसं आईला चालेल म्हणा. लाकडाचं मात्र उघडल्याशिवाय कळणार नाही असं तो छपरावाला म्हणाला, म्हणून वाशांचा दर फुटावर आधीच लिहून घेतला आणि वरून थोडे पैसे बाजूला ठेवलेत. ते बाजूचे पैसेच रात्री झोपू देत नाहीत.

आता खरी गोष्ट. बस खाली.

परवा तो मधल्या खोलीच्या वर चढला, बादलीच्या बरोब्बर वर. कौलं काढली, वाशात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तर मुठीपर्यंत आत, ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा. तीन वासे सलग गेलेत. मग एक कौल हातात घेऊन उलटंपालटं करत म्हणाला, हे इथलं नाही. दुसऱ्या कारखान्याचं आहे, खाच अर्धं बोट आखूड आहे. कुणी बसवलं हे?

मी शिडीवर उभा. कानातून गरम वाफ निघाली.

तुझ्या मागच्या पडवीवरचं कौल, बंड्या. सातवीतलं. तुझा तो सिक्सर (आऊट होतास, अजून सांगतो, बॉल आधी भिंतीला लागला होता), फुटलेलं कौल, अण्णा घरी यायच्या आत तुमच्या पडवीवरचं काढून आणलेलं, आणि 'रंग सेम आहे, कुणाला कळतंय' हे तुझे शब्द. शिडी धरली होतीस असं तू अजूनही म्हणतोस. धरली नव्हतीस, माझी पोटरी अजून साक्ष देते.

छप्पर घालून वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा. पुढच्या पावसात गळायला लागलं आणि अण्णांनी त्या गवंड्याची राहिलेली बाकी अडकवून ठेवली. तो तीनदा आला, वर चढला, खालून-वरून बघितलं, त्याला काही सापडेना. शेवटी पैसे न घेताच गेला. पस्तीस वर्षं आमच्या घरात कुठलंही काम निघालं की आई म्हणते 'त्या गवंड्यासारखा भेटू नये म्हणजे झालं.' काल पण म्हणाली. मी मान डोलावली.

तो माणूस आता कुठं असेल, आहे तरी का, काही माहीत नाही. दादाला नाव आठवत नाही, मला तर चेहराच तेवढा आठवतो, कानावर पेन्सिल. तुला नाव आठवत असलं तर सांग. बाकी किती होती तेही कुणाला विचारायची सोय नाही, अण्णांची वही शोधतोय.

आणि आईला सांगू का? तीन वासे, बाजूला फळ्या जोडून बोल्ट मारायचे, शिवाय दोन सुतारांची मजुरी, ह्याचं अर्धं बिल तुझं आहे, गंमत नाही करत. म्हणजे थोडी करतोय.

अरे हो, बदलीचं काय झालं तुझ्या? आणि धाकटीचं ॲडमिशन? वहिनींना सांग लिहायला उशीर झाला त्यात त्यांचा काही दोष नाही, तुझाही नाही. दिवाळीत तू आलास तेव्हा मी नीट बोललो नव्हतो, तेव्हाही डोक्यात हे छप्परच होतं.

बुधवारी माणसं चढतायत. त्याआधी फोन कर, संध्याकाळी, आई देवळात गेल्यावर. ते कौल राडारोड्यात जाऊ दिलं नाही, धुऊन माझ्या टेबलाखाली ठेवलंय. वाजवून बघितलं. खणकन वाजतंय अजून.

तुझा,
पक्या