शून्याच्या खालचा आकडा

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत जठराच्या कॅन्सरवर लेख आला होता, त्यात "लवकर सापडला तर घाबरायचं कारण नाही" असं मोठ्या अक्षरात छापलेलं. खोटं नाही ते, पण अर्धं आहे, आणि त्याच अर्ध्यावर आम्ही घरातले सगळे दोन आठवडे निवांत झोपलो म्हणून हे लिहितोय.

थोरल्या भावाचं मागच्या वर्षी मिरजेत ऑपरेशन झालं. वर्षभर जळजळतंय म्हणून मेडिकलमधनं गोळ्या आणून खात होता, शेवटी आमच्या तासगावच्या डॉक्टरांनी रागावून दुर्बीण टाकायला लावली तेव्हा कळलं. ऑपरेशन झाल्यावर काढलेला भाग फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून माझ्याच हातात दिला, लॅबला देऊन या म्हणाले. मी रिक्षात ती बरणी मांडीवर धरून बसलेलो आणि रिक्षावाला विचारतोय, लोणचं काय हो? काय सांगणार त्याला. रिपोर्ट आला, अर्ली, गाठी 0/7, म्हणजे जठराभोवतीच्या सात गाठी तपासल्या आणि त्यातल्या एकीतही कॅन्सर नाही. शून्य बघितलं आणि आम्ही पेढे आणले. सातकडं कुणी बघितलंच नाही, आम्ही तर नाहीच पण दवाखान्यातनं पण कुणी काही बोललं नाही.

पुतणी नर्सिंगला आहे, तिनं रिपोर्ट दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवला. त्यांचा पहिलाच प्रश्न, सातच? मग त्यांनी कागदाच्या मागं चित्र काढून सांगितलं. अर्लीची व्याख्या 1962 साली जपानच्या डॉक्टरांनी केली आणि ती नुसती खोलीवरनं, म्हणजे कॅन्सर जठराच्या आतल्या अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात असला की अर्ली, मग तो गाठीत गेलेला असो नाहीतर नसो. अस्तरातच असेल तर गाठीत जायचं प्रमाण शंभरात दोन-तीन, पण खालच्या थरात उतरला की वीसच्या आसपास, कारण लिम्फच्या, म्हणजे अंगातला पाण्यासारखा रस गाठींकडं नेणाऱ्या, बारीक नळ्यांचं जाळं तिथं दाट. भावाचा खालीच उतरलेला.

आता गाठी म्हणजे काय ते आपल्याकडं सांगायला नको, पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं ना, तसल्याच गाठी जठराभोवतीच्या चरबीत असतात, कुठली मुगाएवढी कुठली तुरीएवढी. लॅबमध्ये ती चरबी बोटांनी चाचपून, कापून एकेक शोधावी लागते, कंटाळवाणं काम आहे आणि घाई केली की राहून जातात. निदान 16 तरी बघितल्या पाहिजेत, नाहीतर शून्यावर भरवसा ठेवायचा कसा?

नशीब, बरणी लॅबमध्येच होती. परत शोधा म्हटल्यावर तोंडं वाकडी झाली, पण शोधल्या, आणखी 12 सापडल्या आणि त्यातल्या एकीत कॅन्सर निघाला. 0/7 चं 1/19 झालं, स्टेज 1ए ची 1बी झाली. गाठी साफ असतील तर पाच वर्षं पार करणारे शंभरात नव्वदच्या वर असतात, गाठीत गेला की आकडा उतरतो, एक-दोन असल्या तर थोडा, सात-आठ असल्या तर चांगलाच. भावाची एकच होती पण केमोचा निर्णय त्या एकीमुळंच झाला. त्या सातवर थांबलो असतो तर केमोचं नावसुद्धा निघालं नसतं. भाऊ आता दिवसातनं सहा वेळा थोडं थोडं खातो आणि पेढ्यांचा विषय निघाला की शिव्या घालतो.

तेव्हा पुढच्या लेखात एवढं घाला की रिपोर्टवर शून्याच्या खाली काय लिहिलंय ते पण डॉक्टरांना विचारा, आणि लॅब बरणी किती दिवस ठेवते ते त्याच दिवशी विचारून ठेवा. आमची त्याच आठवड्यात टाकून देणार होते.

– एक वाचक, तासगाव, जि. सांगली