एबीएसचा दिवा, ६१ हजारांचं एस्टिमेट आणि न मिळालेला स्कॅन रिपोर्ट

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय: ठाणे-बेलापूर रोडवरच्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरबद्दल तक्रार, पैसे परत मिळणे आणि स्कॅन रिपोर्ट मिळणेबाबत

सर / मॅडम,

हे पत्र डीलरला नाही तर थेट कंपनीला लिहितेय कारण डीलरकडे तोंडी, व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलवर सगळं बोलून झालंय आणि तिथून फिरून फिरून एकच उत्तर येतं, "मॅडम, ही कंपनीची प्रोसेस आहे." मग ती प्रोसेस काय आहे ते आता कंपनीनेच मला सांगावं. गाडीचा नंबर, जॉब कार्ड नंबर, बिलाची कॉपी, फोटो सगळं सोबत जोडलंय.

मी कोपरखैरण्याला राहते, ऑफिस वागळे इस्टेटला. रोज दिघा, विटावा, कळवा पूल असं जाते. जुलैमध्ये एका सकाळी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली नेहमीसारखं पाणी साचलेलं होतं, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, आणि तिथून बाहेर पडल्यावर जरा पुढे डॅशबोर्डवर एकदम तीन गोष्टी पेटल्या. एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा, पिवळा दिवा, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असतं तो दुसरा पिवळा दिवा, आणि खाली हिल होल्ड (चढावर गाडी धरून ठेवणारी सोय) उपलब्ध नाही असा मेसेज. ब्रेक नीट लागत होते, लाल रंगाचा ब्रेकचा दिवा लागलेला नव्हता, म्हणजे ब्रेक ऑइल कमी झालंय किंवा जागच्या जागी थांबायला पाहिजे असं काही नव्हतं. तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की नुसता पिवळा असेल तर साधे ब्रेक चालतात पण एबीएस मिळत नाही, आणि लाल व पिवळा दोन्ही एकदम लागले तर गाडी चालवू नका. हे सगळं वाचून, सावकाश चालवत मी गाडी तुमच्या सर्व्हिस सेंटरला आणून लावली. पहिल्या दिवसापासून एकही सर्व्हिस बाहेर केलेली नाही, एक्स्टेंडेड वॉरंटीसुद्धा तुमचीच घेतलेली आहे.

गाडी आत घेताना सेंटरच्या मुलाने टॅबवर चारी बाजूंचे फोटो काढले, इंजिन चालू ठेवून मीटरचा फोटो काढला. हा मीटरचा फोटो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यात एबीएसचे दिवे स्पष्ट दिसतात आणि एअरबॅगचा दिवा लागलेला नाही हेही तितकंच स्पष्ट दिसतं. माझ्या मोबाईलमध्ये पण तोच फोटो मी काढून ठेवला, सवय आहे मला, रिक्षाच्या मीटरचाही काढते.

संध्याकाळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा फोन. "मॅडम, एबीएसची पूर्ण असेंब्ली गेली, पाणी गेलंय आत, सगळं धरून ६१,४०० होतील." मी विचारलं एक्स्टेंडेड वॉरंटी आहे ना, तर म्हणे पाण्यामुळे झालेलं वॉरंटीत बसत नाही. बरं मग पाणी आत गेलं हे कशावरून, कनेक्टर उघडून बघितला का, गंज दिसला का, फोटो आहे का? तर "मशीनला लावली होती मॅडम, मशीन तसंच दाखवतंय." मग मशीनने दाखवलेला बिघाडाचा कोड मला पाठवा म्हटलं. इथे गाडी अडली ती आजपर्यंत अडलीय. आधी म्हणाले पाठवतो, मग म्हणाले सिस्टिममधून प्रिंट निघत नाही, मग म्हणाले तो रिपोर्ट इंटर्नल असतो, कस्टमरला शेअर करायची परवानगी नाही. बिलात मात्र 'डायग्नोसिस चार्ज १,५००' अशी ओळ आहे. रक्त तपासायचे पैसे घ्यायचे आणि रिपोर्ट लॅबने स्वतःच्या कपाटात ठेवायचा, असा हा प्रकार झाला.

मी काही मेकॅनिक नाही पण हे तीन दिवे एकत्र का लागतात हे समजायला इंजिनिअर व्हायला लागत नाही. चार चाकांना चार स्पीड सेन्सर असतात, त्यांचंच रीडिंग एबीएस वापरतं, घसरण रोखणारी सिस्टिम तेच वापरते, चढावर गाडी धरून ठेवणारी पण त्याच कंट्रोलरवर चालते. एका चाकाचं रीडिंग यायचं बंद झालं की तिघंही हात वर करतात. म्हणजे तीन दिवे लागले म्हणून तीन बिघाड असतात असं नाही आणि सगळ्यात महाग पार्ट गेलाय असं तर अजिबातच नाही. आणि कोड तरी काय सांगतो, तर अमुक सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच. त्या सर्किटमध्ये सेन्सर येतो, वायर येते, कनेक्टर येतो, चाकावरची दात्यांची किंवा मॅग्नेटची रिंग येते, आणि सगळ्यात शेवटी कंट्रोलर येतो. यातलं नक्की काय गेलं हे हाताने तपासावं लागतं, आणि त्या तपासण्याचेच तर तुम्ही पैसे घेता ना?

मी एस्टिमेटला मंजुरी दिली नाही. तर अ‍ॅडव्हायझर म्हणाला की थांबा, आतली वायरिंग एकदा चेक करून घेतो, सीट आणि कार्पेट काढून. त्यालाही मी लेखी हो म्हटलेलं नाही, फोनवर "बघा काय ते, पण आधी मला कळवा" एवढंच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी परत फोन, वायरिंग ओके आहे, असेंब्लीच टाकावी लागेल, आणि मॅडम पैशांची अडचण असेल तर इन्शुरन्समध्ये बसवून देऊ, पाणी शिरलं असं दाखवू. हे वाक्य कृपया दोनदा वाचा. जे सिद्ध केलेलं नाही ते कंपनीच्या अधिकृत सेंटरचा माणूस मला क्लेममध्ये लिहायला सांगतोय, आणि त्यात माझा नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षं एकही क्लेम न केल्यावर पन्नास टक्क्यांपर्यंत येतो, त्याचं त्याला काहीच नाही. मी नाही म्हटलं आणि गाडी परत मागितली. तेव्हा, "बाहेर कुठे उघडलीत तर एक्स्टेंडेड वॉरंटी रद्द होईल हं," हा प्रेमळ सल्ला.

बिल झालं ६,७२६ रुपये. डायग्नोसिस १,५००, हार्नेस (म्हणजे वायरिंग) चेकिंग लेबर २,८००, ब्रेक क्लीनिंग ९५०, कन्झ्युमेबल्स ४५०, वर अठरा टक्के जीएसटी. ब्रेक क्लीनिंग मी सांगितलं नव्हतं. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय कन्झ्युम झालं हे विचारलं तर कॅशियर हसला. एवढे पैसे भरून गाडी मिळाली ती आहे तेच तीन दिवे घेऊन, आणि एक नवीन दिवा वरती फ्री. एअरबॅगचा.

एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागतो आणि विझतो, तसं व्हायलाच पाहिजे, ती त्याची स्वतःची तपासणी असते. हा विझेना. दिवा तसाच राहिला याचा अर्थ ठोकर बसली तर एअरबॅग उघडेल याची खात्री नाही, सीटबेल्ट आवळून धरणारा प्रीटेन्शनर चालेल याचीही नाही. मी गेटवरच गाडी थांबवून अ‍ॅडव्हायझरला बोलावलं, तो आत वाकून बघून म्हणाला, "हा आधीपासूनच असेल." मी फोटो दाखवला. मग म्हणाला, "चालवा मॅडम, त्याने गाडी बंद नाही पडत." आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरं एस्टिमेट, एअरबॅग मॉड्यूल, २३,६००. हीच गाडी विकताना तुमच्या शोरूमच्या माणसाने सहा एअरबॅग, सहा एअरबॅग करून मला वरचं व्हेरिएंट गळ्यात मारलं होतं, घरी पोरं पाठीमागे बसतात तर पाहिजेच म्हणून. आणि आता त्या बंद असल्या तरी चालवा?

मग मी गाडी रबाळे एमआयडीसीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. साधं गॅरेज आहे, वर पत्रे, बाहेर चहाची टपरी, पण स्कॅनर चांगला होता. मोबाईलला जोडायचं ते ब्लूटूथचं स्वस्तातलं यंत्र माझ्याकडेही आहे, ते बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी पासून सुरू होणारे कोड वाचतं, एबीएसचे सी वाले आणि एअरबॅगचे बी वाले त्याला दिसतच नाहीत, म्हणून तर ग्राहक तुमच्यावर अवलंबून असतो. त्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एबीएसमध्ये एकच कोड, मागचं डावं चाक, स्पीड सेन्सरचा सिग्नल नाही. मग मला शेजारी बसवून एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर सावकाश गाडी चालवली आणि लाइव्ह डेटा दाखवला, तीन चाकं वीस-एकवीस आणि मागचं डावं शून्य. गाडी लिफ्टवर घेतली, मागच्या चाकाच्या कमानीत सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली, तांबं उघडं पडलेलं. टॉर्च मारली की दिसत होतं हो. टॉर्च! आणि गंमत म्हणजे मागच्या सर्व्हिसला तुमच्याच सेंटरने उंदीर येऊ नयेत म्हणून काहीतरी फवारा मारायचे वेगळे पैसे घेतलेले आहेत, आमच्या स्टिल्ट पार्किंगमधल्या उंदरांना तो बहुधा आवडला असावा.

सेन्सर वायरसकट येतो, तुमच्याच कंपनीचा ओरिजिनल पार्ट, पाकिटावरची किंमत २,६००, बसवायचे ७००. तीनही दिवे गेले. एअरबॅगच्या कोडमध्ये पॅसेंजर सीटमधल्या साइड एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त आहे असं दाखवत होतं. त्याने बॅटरीची तार काढली, काही मिनिटं थांबला, सीटखाली हात घातला तर पिवळ्या रंगाचा कनेक्टर अर्धवट बसलेला, लॉकच लागलेलं नव्हतं. एअरबॅगचे कनेक्टर मुद्दाम पिवळे करतात, तिथे हात घालताना जपा म्हणून. तो नीट बसवला, कोड डिलीट केला, पुन्हा पुन्हा चावी फिरवून बघितलं, दिवा वेळेवर विझतोय. त्याचे त्याने पैसेच घेतले नाहीत, मी जबरदस्तीने दिले. ती सीट शेवटची कोणी काढली होती हे तुमच्या बिलात लेबरच्या ओळीत लिहिलेलंच आहे. व्हिडिओ जोडलाय, त्यात लाइव्ह डेटा, कुरतडलेली वायर आणि कनेक्टर, तिन्ही आहेत.

म्हणजे ६१,४०० आणि २३,६०० असं ८५ हजारांचं काम ३,३०० चा पार्ट-मजुरी आणि एका कनेक्टरच्या क्लिकवर संपलं. तुमच्या माणसांना येत नाही असं मला वाटत नाही, कारण त्यांच्याकडे त्या गॅरेजवाल्यापेक्षा चांगलं मशीन आहे. कोड ग्राहकाला दिला की तो चार ठिकाणी विचारतो, हीच अडचण आहे, दुसरी कुठलीच नाही.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे त्यात ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हेसुद्धा येतं, त्यामुळे रिपोर्ट इंटर्नल असतो हे उत्तर चालणार नाही. आणि बाहेर उघडली तर वॉरंटी रद्द, याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्येच चौदा कार कंपन्यांच्या प्रकरणात सांगितलंय की बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतंच नाकारता येईल, आणि पार्ट, तपासणीची यंत्रं बाहेरच्यांनाही मिळायला पाहिजेत. तेव्हा दंड अडीच हजार कोटींच्या वर होता. दंडाचं अपिलात काय व्हायचं ते होवो, पण दहा वर्षांहून जास्त काळ लोटला तरी काउंटरवरची धमकी शब्दाला शब्द तीच आहे. एप्रिल २०१९ पासून सरकारने नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं केलं ते रस्त्यावर ते चालावं म्हणूनच ना, आणि ते दुरुस्त करायचा खर्च एवढा सांगितला की लोक दिव्यावर काळी टेप लावून गाडी चालवतात. आमच्या सोसायटीत अशी एक गाडी आहे.

मला हवंय ते असं. बिलातले ६,७२६ पूर्ण परत, कारण त्यात दोष सापडलेला नाही आणि उलट एक नवीन तयार झालेला आहे. दोन्ही दिवसांच्या स्कॅनचा मूळ रिपोर्ट, तारीख-वेळ आणि किलोमीटर रीडिंगसकट, तो मशीनमध्ये सेव्ह असतो हे मला आता माहीत आहे. पाणी आत गेलं हा निष्कर्ष कोणी आणि कशावर काढला याचं लेखी उत्तर. इन्शुरन्समध्ये खोटं दाखवायच्या सल्ल्याबद्दल कंपनी काय करणार तेही लेखीच. माझी एक्स्टेंडेड वॉरंटी चालू आहे असा ईमेल. बाकी सेन्सरचे ३,३०० मी मागत नाही, उंदीर तुमचा नव्हता.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकते आणि तिथेही काही हललं नाही तर ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ऑनलाइन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि कागद माझ्याकडे सगळे आहेत.

फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर करा, त्याआधी मी कळवा पुलावर अडकलेली असते. आणि गाडी दिल्यावर "सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी दहा द्या नाहीतर आमचा इन्सेन्टिव्ह कापतात" म्हणून तुमच्या सेंटरमधून अजून फोन येतायत, ते आधी बंद करायला सांगा.

आपली ग्राहक,
कोपरखैरणे, नवी मुंबई

सोबत: जॉब कार्ड, बिल, दोन्ही एस्टिमेट, आत घेतानाचा मीटरचा फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप चॅटचे स्क्रीनशॉट